दुसऱ्या वेढ्यानंतर

वजीर मुलाणींना कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी ती उलटी करून बघणार. घरात नवा कुकर आला तेव्हा तो शेगडीवर चढायच्या आधी हे त्याची शिट्टी काढून भोकाला डोळा लावून बसले होते. पाटसला कारखान्याच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर थांबला की ड्रायव्हरला विचारणार, मागच्या ट्रॉलीचा भार तुला बसल्या जागी कळतो का रं? ड्रायव्हर बिचारा रात्रभर नंबराला थांबलेला, अर्धा झोपेत. तो कशाला उत्तर देतोय! साठी उलटली तरी ही खोड काही गेली नाही. नूरबी, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत सांगते की या माणसाला कबरीत उतरवलं तरी आधी विचारील, खड्डा किती फूट घेतलाय. यावर वजीरमामा रागावत नाहीत. जमीन मुरमाड असेल तर चार फुटांखाली पहार चालतच नाही, असं ते गंभीरपणे समजावून सांगतात.

खड्ड्याबद्दल बोलायचा त्यांना अधिकार आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी मंडप घातले. दौंड तालुक्यातलं असं गाव नसेल जिथं त्यांनी लग्नासाठी नाहीतर सप्त्यासाठी बांबू उभा केला नाही. आता बांबू गेले आणि लोखंडी पाइप आले. पाइपला क्लॅम्प लागतो, पाना फिरवला की काम झालं. वजीरमामांनी पहिला क्लॅम्प आला त्या दिवशी तो खोलून, पुसून, पुन्हा जोडून बघितला आणि चांगली वस्तू आहे असं मान्य करून टाकलं. रडत बसणारा माणूस नव्हे हा. परसात पडलेले दीडशे बांबू टोमॅटोच्या एका बागायतदाराला द्यायचं ठरलं, तेव्हाही त्यांनी मान डोलावली.

पण क्लॅम्पला कैची येत नाही. उभ्या बांबूला आडवा बांबू जिथं छेद देतो तिथं काथ्याचे वेढे देऊन जी गाठ आवळतात, तिला हे लोक कैची म्हणतात. वीस फुटांवर चढायचं, डाव्या हाताने बांबूला मिठी मारायची, दोन्ही पायांचा विळखा घालायचा, आणि उरलेल्या एका हाताने गाठ बांधायची. काथ्याचं दुसरं टोक धरायला हात उरत नाही म्हणून ते दातात धरायचं. त्यामुळे या धंद्यात शिकवणाऱ्याचं तोंड कायम भरलेलं. वजीरमामांचे वडील रहिमानचाचा वर चढून कैची मारत, आणि खाली हा पोरगा डळमळता बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राही. चार वर्षं त्याने नुसता बांबू धरला. एक दिवस वडील म्हणाले, चढ. तो चढला आणि त्याला कैची येत होती. कुणी शिकवली म्हणाल तर कुणीच नाही.

जगाला इतके प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने एक प्रश्न मात्र पंधरा वर्षं कुणालाच विचारला नव्हता. तो त्यांच्या पोराचा होता. अक्रम सोळा वर्षांचा असताना राहू गावात एका लग्नाचा मंडप होता. तोवर खांबांना लोखंडी बैठका आल्या होत्या, खाली कुणी बांबू धरून उभं राहायची गरज नव्हती. अक्रमने त्या दिवशी पहिल्यांदा वर चढून कैच्या मारल्या. हळदीच्या दुपारी त्याने बांधलेला एक आडवा बांबू आधी वीतभर सरकला आणि मग कनातीसकट एका अंगाने खाली आला. खाली कुणी नव्हतं. एका रिकाम्या खुर्चीचा पाय मोडला, एवढंच. वजीरमामांनी मात्र वऱ्हाडासमोर पोराच्या कानाखाली आवाज काढला. अक्रमने काथ्याचं बंडल त्यांच्या पायाशी ठेवलं आणि तो चालत स्टँडवर गेला. पुढे त्याने आयटीआय केलं, रांजणगावला कंपनीत लागला, शिरीनशी लग्न करून शिरूरला राहू लागला. दर रविवारी येतो, बापाच्या गोळ्या आणतो, सगळं बोलतो. मंडपाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो.

आणि खरी गोष्ट अशी की त्या संध्याकाळी वजीरमामा स्वतः वर चढले होते. त्यांनी पोराची गाठ बघितली. वेढे बरोबर. आवळणं बरोबर. टोक खोचलेलं बरोबर. ती गाठ कुठल्याच हिशेबाने सुटायला नको होती. मग ती सुटली कशी? आणि गाठीत चूक नसेल तर पोराला मारलं कशासाठी? हे विचारायचं तर अक्रमलाच विचारायला हवं होतं, आणि तेवढी एक हिंमत या माणसात नव्हती.

तर या माणसाला गेल्या हिवाळ्यात शिबिराचा सुगावा लागला. शिरूरच्या झेप युवा मंडळाची तेजश्री शितोळे बांबू मागायला आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, रांजणगावला क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी पोरांना गोळा करून डोंगरात हिंडवते. तिने सांगितलं की भांडगावच्या मागच्या माळावर, पाझर तलावाच्या काठाला, तीस-पस्तीस पोरंपोरी शनिवार-रविवार तंबूत राहणार. चूल मांडायची, दिशा ओळखायची, पाणी गाळायचं, आणि शेवटी स्वतःच्या हाताने बांबूचं मचाण बांधून त्यावर उभं राहायचं.

घरदार असताना लोक माळावर झोपायला का जातात, हे वजीरमामांच्या डोक्यात शिरेना. न कळणारी गोष्ट समोर आली की त्यांना धीर धरवत नाही. शनिवारी दुपारी बांबूंच्या ट्रॅक्टरमध्ये तेही चढले. नूरबीला सांगितलं, बांबू उतरवून आलोच. नूरबीने न विचारता सोबत चादर बांधून दिली. तिचा नवरा तिला ठाऊक होता.

माळावर गेल्या गेल्या त्यांनी पहिला तंबू उलटा करून बघितला. खड्डा नाही, खुंटीला भार नाही, तरी हे ताठ उभं कसं? तेजश्रीने सांगितलं, "मामा, आतल्या काड्यांना सरळ व्हायचंय आणि कापड त्यांना होऊ देत नाही. त्या भांडणावर तंबू उभा आहे." हे उत्तर वजीरमामांना इतकं आवडलं की त्यांनी ते स्वयंपाक करणाऱ्या पोरांना जाऊन सांगितलं, मग पाणी आणणाऱ्यांना, मग पुन्हा तेजश्रीलाच. तलावाच्या पाण्यात वाळू आणि कोळसा घालून गाळलेलं पाणी त्यांनी पिऊन बघितलं. होकायंत्र हातात घेऊन ते स्वतःभोवती चार वेळा फिरले आणि काटा फसतो का ते पाहिलं. पोरांना हा म्हातारा आपल्याच बॅचचा वाटायला लागला. मुक्काम पडलाच. छोट्या तंबूत पाय मावले नाहीत म्हणून ते बाहेर ठेवून झोपले, आणि सकाळी पायांना दव लागलं तर नाक का गार पडतं यावर त्यांनी चहाबरोबर चर्चा केली.

रविवारी सकाळी घोळ झाला. दोरकाम शिकवायला विक्रम नावाचा मुलगा येणार होता. तो कंपनीत रात्रपाळीला, आणि त्याचा रिलीव्हर आलाच नाही. त्याला पुढची पाळीही करावी लागणार होती. तेजश्रीने फोन ठेवला आणि बांबूंच्या ढिगाकडे बघितलं, मग वजीरमामांकडे. मामा म्हणाले, काय अवघड हाय त्यात, तासात मचाण उभं करून देतो. ती म्हणाली, तुम्ही नाही मामा, पोरांनी करायचंय. तुम्ही शिकवायचं.

वजीरमामा खुशीत उभे राहिले. पस्तीस पोरं गोल बसली. दोघांनी बांबू धरले. मामांनी भिजवलेला काथ्या हातात घेतला आणि म्हणाले, "हे बघा, पहिल्यांदा..." आणि थांबले.

पहिल्यांदा काय? त्यांनी काथ्या उजवीकडून टाकला, मग काढून डावीकडून टाकला. दोन्ही चुकीचं वाटलं. पोरं वाट बघत होती. त्यांनी डोळे मिटून बघितलं. हजारो कैच्या मारलेला हात समोर लोंबत होता आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एक वेढा दिला तो सुटला. दुसरा दिला तर आडवा बांबू धरणाऱ्या पोराच्या पायावर आला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. वजीरमामांच्या कपाळावर थंडीच्या दिवसात घाम आला. त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त नवल वाटलं. आपल्याच हातात काय आहे ते आपल्यालाच माहीत नाही, ही काय भानगड?

शिरूरची अंकिता नावाची एक मुलगी पुढेच बसली होती. नववीत शिकणारी, दोन वेण्या, आणि प्रश्न विचारण्यात मामांपेक्षा सवाई. ती म्हणाली, "मामा, तुम्ही रोज करायचात तसंच करा ना. शिकवू नका."

रोज करायचो तसं म्हणजे वर. नूरबीने चढायला बंदी घातलेली होती, गुडघ्यांनीही घातलेली होती. मामांनी थोडा विचार केला आणि बांबू जमिनीवर आडवा टाकायला सांगितला. मग पस्तीस पोरांसमोर हे साठी उलटलेले गृहस्थ माळावर पालथे झाले. डाव्या हाताने बांबूला मिठी मारली, पायांचा विळखा घातला, काथ्याचं टोक दातात धरलं. पोरांना वाटलं मामांना चक्कर आली. तेवढ्यात हात चालायला लागला. खालून, मागून, वरून, सर्रकन. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात कैची तयार.

आता सगळी पोरं बांबूभोवती पालथी पडली. मामांनी पुन्हा एक कैची मारायला घेतली आणि अंकिता मोठ्याने सांगू लागली. काथ्या आडव्याच्या पोटाखालून. उभ्याच्या मागून. आडव्याच्या डोक्यावरून पुढे. दातात काथ्या असल्याने मामांना बोलता येत नव्हतं; बरोबर असलं की ते मान हलवत, चुकलं की नाकातून हुंकार काढत. आपण आयुष्यभर काय करत आलो ते हा माणूस पहिल्यांदाच शब्दांत ऐकत होता, आणि तोही एका पोरीच्या तोंडून. त्याला फार मजा येत होती.

"दुसरा वेढा पूर्ण," अंकिता म्हणाली. "मग टाच आपटायची. मग ओढायचं."

मामांनी दातातला काथ्या काढला. "टाच कुठनं आली? टाच न्हाई आपटत मी."

"आपटता मामा. दोन्ही वेळा आपटली. दुसऱ्या वेढ्यानंतर, बांबूवर."

मामांनी बाकीच्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी तिसरी कैची मारली, या वेळी पायावर लक्ष ठेवून. दुसरा वेढा झाला आणि उजवी टाच आपोआप उचलली जाऊन बांबूवर ठक्कन बसली. कुणा दुसऱ्याचाच पाय असावा तसं ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना आठवलं. बांबू धरून खाली उभे असताना वरून दर कैचीला एक हादरा तळहातात यायचा. वडील पाय सरकवत असतील असं त्यांना वाटायचं.

"पण कशासाठी आपटायची?" अंकिताने विचारलं.

"काय ठाव. सवय असंल."

या उत्तरावर दोघांचंही समाधान झालं नाही. तेजश्रीने विषय हातात घेतला. कंपनीत माल बाद झाला की ते लोक काय करतात ते तिने सांगितलं: बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलून बघायची. दोन खांब जमिनीवर टाकले, दोन्हींवर सारखेच आडवे तुकडे. एका तुकड्याला मामांनी टाच मारून कैची घातली. दुसऱ्याच्या वेळी दोन पोरांनी त्यांचा उजवा पाय धरून ठेवला. मग दोन्ही खांब उभे पुरले, आडव्या तुकड्यांवर पाण्याने भरलेले कॅन टांगले आणि सगळे समोर बसले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. एका पोराने बिस्किटाचा पुडा फोडला. मग टाच न मारलेल्या खांबावर काथ्या कुरकुरला, आडवा बांबू बोटभर घसरला, थांबला, आणि पुन्हा वीतभर घसरून एका अंगाने खाली आला. दुसरा जागचा हलला नाही.

मामा उठून सुटलेल्या गाठीपाशी गेले. वेढे बरोबर होते. आवळणं बरोबर. टोक खोचलेलं बरोबर. अंकिता त्यांच्या शेजारी उकिडवी बसून दोन्ही गाठी बोटाने चाचपत होती. ती म्हणाली की टाच मारली की बांबू हादरतो, काथ्या त्याच्या गुळगुळीत सालीवर नीट बसतो आणि आतली ढिलाई वर येते. ती ओढून घेतली की मग पुढचे वेढे. टाच नाही मारली तर ढिलाई आतच राहते, वरून दिसत नाही. तिने मामांकडे बघितलं, बरोबर आहे का विचारायला. मामा खाली मातीत बसले होते.

त्यांना राहूचा मांडव दिसत होता. पोरगा वर चढलेला, घामाने निथळलेला, बापाने केलं तसंच अगदी करत असलेला. त्याने हात बघितले होते. टाच खांबाच्या पलीकडे असते, ती खालून दिसत नाही. त्याने कधी खाली उभं राहून बांबू धरला नव्हता, मग हादरा तरी त्याच्या तळहातात कसा येणार? जे त्याला कुणी दाखवलं नाही, सांगितलं नाही, ते त्याने केलं नाही म्हणून आपण त्याला वऱ्हाडासमोर मारलं. वजीरमामांना इतकं वाईट वाटलं की तेजश्रीने आणून दिलेलं पाणी त्यांनी न पिताच बाजूला ठेवलं.

मचाण दुपारी दोनपर्यंत उभं राहिलं. वीस कैच्या, सगळ्या पोरांनी मारलेल्या, प्रत्येकीच्या दुसऱ्या वेढ्यानंतर टाचेचा ठोका. मामांनी एकाही गाठीला हात लावला नाही. पोरं पाळीपाळीने वर चढून तलावापलीकडचा हायवे बघून आली. मामा सारखे रस्त्याकडे बघत होते, कारण बांबू परत न्यायला अक्रम टेम्पो घेऊन येणार होता.

तो तीनला आला. ओव्हरटाइम करून तसाच निघालेला, अंगावर कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज. आल्या आल्या त्याने बापाला तुम्ही जेवलात का, गोळी घेतली का एवढं विचारलं आणि सुटे बांबू खांद्यावर घेऊन टेम्पोत टाकायला सुरुवात केली. मचाणाकडे त्याने बघितलंच नाही. वजीरमामा त्याच्या मागून एकदा टेम्पोपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पंधरा वर्षांत या विषयावर बोलायची सवय मोडलेली होती. शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावरच्या बांबूचं मागचं टोक धरलं, म्हणजे त्याला थांबावंच लागलं.

"अक्रम," ते म्हणाले, "तुझ्या गाठीत चूक नव्हती."

कुठली गाठ, असं अक्रमने विचारलं नाही. तो पाठमोराच उभा राहिला.

"डाव्या अंगाची, तिसरा खांब," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय अब्बा. रांजणगावला नवीन व्हतो तवा रूमवर पलंगाच्या पायाला लय वेळा मारून बघितली. दर वेळेला बरोबरच यायची." मग त्याने खांद्यावरचा बांबू खाली ठेवला आणि वळून विचारलं, "मग सुटली का?"

हे विचारताना त्याचा चेहरा अगदी बापासारखा झाला होता. वजीरमामांनी त्याला सांगितलं. दोन खांब दाखवले, एक गाठ धरलेली, एक सुटलेली. टाच सांगितली, ढिलाई सांगितली. शब्द अंकिताचेच होते, पण आता ते त्यांना येत होते.

"म्या तुला हे सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. "मलाच ठाव नव्हतं. आन् मारलं मातुर तुला. चुकी माझी हाय, अक्रम." एवढं बोलून त्यांना रडू आलं. पस्तीस पोरं बघत होती. तेजश्रीने त्यांना तंबू गुंडाळायला पिटाळलं.

अक्रम सुटलेल्या गाठीपाशी गेला. त्याने ती बोटाने दाबली, नखाने उचकटली, मान वाकडी करून खालून बघितली. मग शेजारची धरलेली गाठ तशीच बघितली. शेवटी बादलीत भिजत पडलेला काथ्या उचलून पिळला आणि खांद्यावर टाकला.

"कितव्या वेढ्यानंतर म्हणालात?"

"दुसऱ्या."

अक्रम बांबूच्या ढिगावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.